केगमधला गवती चहा

घरच्या घरी बिअर बनवायचा फंडा, दोन जर्मन डबे आणि नागपूरहून तासाभरात गाठता येणारं कळमेश्वर. एका रविवारची गोष्ट...

रविवार, सकाळचे साडेसात. डिसेंबरची बोचरी थंडी, डोक्यावर हेल्मेट, कानात मफलर. काटोल नाक्याजवळ ट्रॅफिक पोलिसाने हात दाखवला. लायसन्स होतं, पीयूसी होतं. त्याची नजर मात्र अ‍ॅक्टिव्हाच्या पायदानावरच्या पोत्यावर होती.

‘‘यात काय आहे?’’

‘‘रिकामे डबे आहेत, काका. मामाकडे नेते आहे.’’

त्याने बुटाच्या टोकाने पोतं हलकंच ढोसलं. ठण्ण आवाज आला. ‘‘जा,’’ म्हणाला.

मी खोटं बोलले नव्हते. डबे रिकामेच होते. ते कशासाठी नेते आहे, तेवढं फक्त सांगितलं नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी वाटलं.

तर हे डबे म्हणजे केग. बिअरचे छोटे पिंप म्हणा ना. पाच लिटरचे, गुटगुटीत, चकचकीत. वर मधोमध रबरी बूच, खाली बुडाशी ओढून बाहेर काढायचा प्लॅस्टिकचा लाल नळ. जर्मनीत सुपरमार्केटमध्ये भरलेले मिळतात. पार्टीत टेबलाच्या कडेला ठेवायचा, वरून हवा जाऊ द्यायची, खालून ग्लास भरायचा. आमचा एक मित्र म्युनिकची नोकरी संपवून परत आला, तेव्हा घरसामानाच्या खोक्यांत शोपीस म्हणून दोन रिकामे केग आले. पुढे तो बंगलोरला गेला आणि शोपीस आमच्या फ्लॅटवर राहिले. सोबत दोन सुटी रबरी बुचंही होती. कारण तिकडचे हौशी लोक हे डबे टाकत नाहीत. धुतात, घरी बनवलेली बिअर भरतात, नवं बूच ठोकतात. की झाला पुढचा वीकएण्ड तयार!

मी आणि माझी रूममेट, दोघींच्या डोक्यात एकदमच बल्ब पेटला. मॉल्ट मागवायचं, यीस्ट मागवायचं आणि आपल्याच किचनमध्ये आपला ब्रँड! नावसुद्धा ठरलं होतं. (ते सांगत नाही, लाज वाटते.)

बिअरच्या आधी एक रंगीत तालीम करू म्हटलं. आलं-लिंबाचा सोडा. फेस येणारा, घरचा, हेल्दी वगैरे. केग आतून धुवायला लांब दांडीच्या ब्रशला तारेची घासणी बांधली आणि मस्त खरवडून काढलं. पाच लिटर पाणी, अर्धा किलो साखर, आलं, डझनभर लिंबं आणि चिमूटभर ब्रेडचं यीस्ट. बूच ठोकलं आणि डबा ओट्याखाली ठेवून दिला.

चौथ्या दिवशी डबा बसेना. म्हणजे अक्षरशः बसेना, डुलायला लागला. बूड फुगून बाहेर आलं होतं. पाचव्या दिवशी रात्री अडीचला ‘फट्’ असा आवाज झाला आणि बूच सिलिंगला जाऊन आपटलं. खालच्या काकूंना वाटलं सिलिंडर गेला. सकाळी उरलेला सोडा ग्लासात ओतला तर रंग चहासारखा आणि चव... पाच रुपयांचं नाणं तोंडात धरलंय अशी.

नेटवर वाचलेलं सगळं बरोबर होतं, मग चुकलं कुठे? पत्र्यातलं मला काही कळत नाही. पण माझ्या मामाचं सगळं आयुष्य पत्र्यात गेलं. तो कळमेश्वरला राहतो.

संत्री, स्टेशन आणि शिफ्ट

कळमेश्वरला ‘फिरायला’ कुणी जात नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपूरकरांसाठी ते काटोलच्या वाटेवरचं एक गाव. गाडीतून जाणाऱ्यांसाठी नागपूर-इटारसी लाइनवरचं एक स्टेशन. पण रस्ता झक्कास आहे. गोरेवाड्याचं जंगल डावी-उजवीकडे सोबत येतं. २०२१ मध्ये सुरू झालेलं प्राणीसंग्रहालय याच बाजूला. मग फेटरी, येरला, आणि हळूहळू बिल्डरांचे बोर्ड विरळ होऊन संत्र्यांच्या बागा सुरू होतात. डिसेंबरात आंबिया बहाराचं फळ झाडावरून उतरत आलेलं असतं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, ट्रकमध्ये भरायच्या क्रेट आणि ढिगाशेजारी वेगळी काढलेली बारकी, डागाळलेली फळं. त्यांना बाजारात भाव नसतो. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला, पण टॅग काही प्रत्येक फळाच्या नशिबी नसतो.

मग अचानक बाग संपते आणि शेड सुरू होतात. एमआयडीसी. इथे पत्र्याचा मोठा कारखाना आहे. आधी तो इस्पातचा होता, आता जेएसडब्ल्यूचा. झिंकचा थर दिलेला आणि रंगीत पत्रा इथे बनतो. आपल्या डोक्यावरचं शेड, गोदामाची भिंत, पार्किंगचं छप्पर, सगळं याच जातीचं. त्यामुळे कळमेश्वरला दोन घड्याळं आहेत. एक बहाराचं आणि एक शिफ्टचं. सकाळी एकाच टपरीवर बागेतला माणूस आणि नाइट करून आलेला माणूस शेजारी शेजारी उभे राहून तर्री पोहे खात असतात. मीही खाल्ले. तर्री अशी की मफलर काढावा लागला.

मामाची पत्राकात्री

मामा एमआयडीसीतल्याच एका कारखान्यातून रिटायर झालाय. मी पोतं उघडलं तशी त्याने फुगलेला केग उचलला, बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘आतून कायनं घासला?’’

‘‘तारेच्या घासणीने.’’

‘‘झालं मंग.’’

मागच्या पडवीतून पत्राकात्री आणली आणि माझा शोपीस त्याने कलिंगडासारखा कापला. आतला भाग पहिल्यांदाच बघत होते. वर छान सोनेरी थर, त्यावर माझ्या घासणीचे ओरखडे आणि बुडाच्या शिवणीशी विटकरी डागांची रांगोळी.

‘‘हे पेनार होती का तू?’’

पुढचा अर्धा तास मामाने जे सांगितलं, ते कुठल्याच व्हिडिओत इतकं नीट कळलं नव्हतं. या डब्याचा पत्रा साधा पोलादाचा. त्यावर टिनचा थर, केसाहून कितीतरी पातळ. आणि त्यावर आतून लॅकर, म्हणजे खाण्यापिण्याच्या डब्यांना देतात तो लेप. बिअर आंबट असते, लिंबाचा सोडा तर महाआंबट. ते आणि पोलाद यांच्यामध्ये फक्त हा लेप उभा असतो. मी तोच खरवडून काढला होता!

‘‘आमचं झिंक कसं, दिलदार,’’ मामा म्हणाला. ‘‘पत्र्याले ओरखडा पडला तरी झिंक आधी सोता झिजते, लोखंडाले वाचवते. टिनचं तसं नाही. अखंड हाये तोवरच राखते. एकदा फाटलं, हवा-पाणी लागलं, का मंग लोखंडाले आनखी लवकर जंग लागते.’’

आणि फुगला का? तर त्याचं गणित साखरेचं. यीस्ट साखर खातं आणि तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतं. उरलेल्या निम्म्याचं अल्कोहोल. बिअर केगमध्ये भरतात तेव्हा तिच्यातली बहुतेक साखर यीस्टने आधीच संपवलेली असते. फेस यावा म्हणून वरून मोजून थोडी साखर घालतात. बाटलीला लिटरमागे साधारण सहा-सात ग्रॅम, आणि या पातळ डब्याला त्याच्या निम्मीच, कारण जाड काचेइतका दाब तो सोसत नाही. मी घातली होती लिटरमागे शंभर ग्रॅम. बूच उडालं हे नशीबच. तेच सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलं.

म्हणजे हे डबे पुन्हा वापरताच येत नाहीत का? येतात. कोमट पाण्याने, मऊ ब्रशने लगेच धुवायचे, उलटे टांगून पूर्ण कोरडे करायचे, प्रत्येक वेळी आत टॉर्च मारून बघायचं आणि एक जरी लाल ठिपका दिसला की रामराम. दोन-चार खेपांचा सोबती, एवढंच त्याचं आयुष्य. कायमचं भांडं हवं असेल तर स्टेनलेस स्टीलचं. अमेरिकेतले हौशी लोक कोल्ड्रिंक कंपन्यांनी मोडीत काढलेले १९ लिटरचे स्टीलचे केग वापरतात, ते त्याचसाठी.

दुसरा केग अजून कोरा होता. त्याला घासणी लागली नव्हती. मामाने टॉर्च मारली. ‘‘हा चांगला हाये.’’

माझा चेहरा खुलला. नेमकी तेव्हाच मामी चहा घेऊन आली. ‘‘कायचा डबा वं हा?’’

मी सांगितलं. अगदी उत्साहात सांगितलं. बिअर, घरी, म्युनिक, ब्रँड. मामी काही बोलली नाही. कप ठेवले आणि आत गेली. मामाने माझ्याकडे बघून मान हलवली. काहीतरी चुकलं होतं, आणि या वेळी घासणीचा दोष नव्हता.

चंद्रभागेच्या काठावर

दुपारी मामी म्हणाली, ‘‘गाडी आहे ना तुझी? चाल, धापेवाड्याले नेऊन आन मले.’’

धापेवाडा कळमेश्वर तालुक्यातच आहे. विदर्भाची पंढरी म्हणतात त्याला. नदीसुद्धा आहे, आणि तिचं नावही चंद्रभागाच. काठावर विठ्ठल-रुक्मिणीचं जुनं मंदिर, संत कोलबास्वामींचं ठिकाण. आषाढात इथे मोठी यात्रा भरते. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी विठोबाच इकडे येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. डिसेंबरच्या रविवारी मात्र सगळं निवांत होतं. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन, पाण्यात दोन पोट्टे, बेल-फुलांच्या दुकानात पेंगणारी आजी.

दर्शन झाल्यावर आम्ही पायरीवर बसलो. मामीने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं.

‘‘माह्या लहान भावाले तू पाह्यलं नाही,’’ ती म्हणाली.

खरंच नव्हतं पाहिलं. घरात त्याचा फोटो आहे, नाव कुणी घेत नाही. मामीचं माहेर भिवापूरकडचं. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. त्या फुलांची भाजी होते, लाडू होतात, आणि कुजवून सडवा केला की दारूही होते. शेजारच्या वाडीत भट्टी होती. पत्र्याचा पिपा, त्यावर मडकं, एक नळी.

‘‘पोलीस यायचे. पिपा फोडायचे, सडवा सांडून द्यायचे. आठ दिवसांनी नवा पिपा. पिप्याले काय लागते? मंग यानं घरीच लावला. म्हने, बाहेरची मिलावटी राहते, घरची शुद्ध. चौतीस वर्षांचा होता वं गेला तेव्हा.’’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बिअर वेगळी, हातभट्टी वेगळी. ती नुसती आंबवतात, ही उकळून वाफ धरून काढतात. चार-पाच टक्के कुठे आणि ते कुठे. सगळे मुद्दे बरोबर होते. पण एकही बाहेर आला नाही.

‘‘तू पेते का नाही, ते तुझं तू पाह्य,’’ मामी म्हणाली. ‘‘शिकली आहेस, कमावते. माहं एकच म्हननं आहे. घरी बनवू नको. दुकानातली बाटली संपते. घरी बनलेली संपत नाही.’’

मग तिने संत्र्याच्या बिया रुमालात बांधल्या आणि म्हणाली, चाल, उशीर होते.

कलम पासष्ट

संध्याकाळी मामाच्या गच्चीवर मोबाइलवर शोधत बसले. जे आधी, म्युनिकच्या व्हिडिओंच्याही आधी शोधायला हवं होतं ते.

आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात तो. त्याच्या ६५ व्या कलमाखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. स्वतःपुरतं, हौसेखातर, पाचच लिटर, अशी सूट मला त्यात सापडली नाही. आणि त्याच कलमाचं एक पोटकलम असं, की मद्य बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी, उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा. भांडी! म्हणजे सकाळी नाक्यावर पोत्यात जे होतं ते नुसते डबे होते की कायद्यातलं भांडं, हे त्या डब्यांवर ठरत नव्हतं. माझ्या डोक्यात काय होतं त्यावर ठरत होतं.

जग या बाबतीत वेगवेगळ्या वेगाने चाललंय. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरचं लायसन्स काढून टाकलं. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली, आणि तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत वेळ घेतला. आपल्याकडे रीतसर रस्ता आहे तो मायक्रोब्रुअरीचा. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाली आणि ताजी बिअर म्हणजे काय ते आपल्या पिढीला कळलं. पण तो धंद्याचा परवाना, किचनचा नाही. आणि विदर्भात तर हा विषय कधीच नुसत्या चवीचा नव्हता. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली, २०२१ मध्ये उठली. आम्ही कॅफेत बसून या बंदीवर जोक मारतो. मामीसारख्या बायका त्यावर मतं मांडत नाहीत, त्या फक्त माणसं मोजतात.

मला सगळ्यात बोचलं ते वेगळंच. हे ६५ वं कलम मी याआधीही वाचलं होतं. रोज वाचते, पेपरात. ‘मोहफुलाचा सडवा नष्ट, साहित्य जप्त, अमुक महिलेवर गुन्हा.’ पाच ओळींची बातमी, आतल्या पानावर. मास कॉमला असताना अशा बातम्या आम्ही सरावासाठी लिहायचो. त्या बातमीतला पत्र्याचा पिपा आणि माझा पाच लिटरचा केग यांत कायद्याच्या भाषेत काही फरक नाही. फरक एवढाच की तिचा पिपा फोडला जातो आणि माझा फोटोजेनिक दिसतो. नाक्यावर मला ‘जा’ म्हटलं गेलं, तेव्हा मी काकांना गोड हसून दाखवलं होतं.

मला बिअर आवडते. उद्याही आवडेल. कायदा बदलायला हवा का, यावर चांगला वादही घालता येईल, आणि मी घालेनच. पण तो वाद कळमेश्वरच्या त्या गच्चीवर, खाली मामी भाकरी थापत असताना, मला घालता आला नाही.

पुनर्वापर वगैरे

निघायच्या आधी मामा म्हणाला, ‘‘मंग दुसऱ्या डब्याचं काय?’’

‘रीयूज’, ‘अपसायकल’ हे आपले शब्द. मामाच्या अंगणात या शब्दांशिवाय सगळं चालू होतं. तेलाच्या पिप्यात गहू. वनस्पती तुपाच्या डब्यात तुळस. फुटक्या बादलीत कढीपत्ता. रंगाच्या डब्याला कडी लावून तो विहिरीवर. एकही वस्तू इथे एका जन्मात सुटत नाही.

मामीने कोरा केग उचलला. उलटसुलट करून पाहिला. खालचा लाल नळ ओढून बघितला, परत आत ढकलला.

‘‘जास्तीचं पानी निघून जाईल इथून,’’ म्हणाली. ‘‘बेस हाये.’’

मामाने वरचं झाकण कात्रीने गोल कापलं, धार हातोडीने आत वळवली. मामीने खालून चार खापऱ्या घातल्या, वर माती, आणि कोपऱ्यातल्या झुडपाचा एक गड्डा उपटून लावला. गवती चहा. ‘‘गंज चढन की नाही?’’ मी विचारलं. ‘‘चढन ना,’’ मामा म्हणाला, ‘‘पर याले प्यायचं थोडी आहे.’’

तो केग आता आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे. समोर जर्मन अक्षरं, मागे हिरवी पाती. पाणी जास्त झालं की लाल नळ ओढायचा, की खाली थेंब थेंब. रूममेट आधी चिडली होती, आता रोज सकाळी तीच दोन पाती तोडते. ब्रँडचं नाव मात्र आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्हीही जा...

कसं जाल? नागपूरहून काटोल रोडने फेटरीमार्गे. टू-व्हीलरने तासाभरात आरामात पोचता. ट्रेनची हौस असेल तर इटारसी लाइनवर कळमेश्वर स्टेशन आहेच, पण प्रत्येक गाडी थांबत नाही. आधी बघून घ्या.

कधी जाल? संत्री बघायची तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबिया बहार किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार. धापेवाड्याची यात्रा अनुभवायची तर आषाढ. गर्दीची तयारी ठेवा.

काय खाल? सकाळी तर्री पोहे, नंतर बागेच्या कडेला बसून संत्री. वेगळी काढलेली बारकी फळं मागून घ्या. दिसायला डागाळलेली, पण ज्यूससाठी बेस्ट.

काय आणाल? संत्री. आणि कुणी मामी असेल तर गवती चहाचा एक गड्डा.